मिरचीसाठी घेतलेली गाडी

ज्या माणसाला स्वतःची गाडी धड मागे घेता येत नाही तोच माणूस उंच गाडी घेतो, हे माझं जुनं मत आहे. नागपुरात बेशाकडे आमची सोसायटी आहे, तिथे अशा अकरा गाड्या आहेत. संध्याकाळी त्या आत येताना वॉचमन मागे पळत पळत 'आने दो, आने दो' ओरडतो आणि तरीही आतला साहेब खांबाला घासतोच. जाहिरातीत ही गाडी डोंगर चढते, नदी ओलांडते. आमच्याकडे ती सकाळी पोराला शाळेत सोडते आणि रविवारी तर्री-पोहे खाऊन परत येते. बाकी वेळ तिच्यावर कबुतरं बसतात.

माझ्या नवऱ्यालाही तीच हवी होती. तो बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात आहे. जायला-यायला कंपनीची बस आहे, म्हणजे गाडीची त्याला गरज रविवारपुरती. पण माझ्या धाकट्या दिराने घेतली होती, आणि भावाने घेतली की याच्या पोटात कळ येते. दीर आमच्याकडे आला की किल्ली खिशात ठेवत नसे, टेबलावर ठेवायचा, सगळ्यांच्या चहाच्या मधोमध. चहा पिताना सगळ्यांनी ती बघायची.

माझं म्हणणं साधं होतं. मला भिवापूरकडे चार एकर वावर आहे. मला म्हणजे मलाच. आईने ते माझ्या नावावर करून दिलं आणि भावांनी तोंडं वाकडी करून का होईना सह्या केल्या. नऊ वर्षं झाली, कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी सोडून मी तिथे मिरची लावते. आठवड्यातून दोनदा, हंगामात तीन-चारदा, उमरेड रोडने जाते आणि वाळलेल्या मिरचीची पोती नागपुरात आणते. माझी गिऱ्हाइकं ठरलेली आहेत. आमची जुनी छोटी गाडी ही पोती वाहून वाहून थकली आणि एक दिवस तिने मान टाकली. नवी घ्यायचीच होती. सोसायटीत एका घराला एकच जागा, त्यामुळे गाडीही एकच.

"मंग वावर देऊन टाक बटईनं," नवरा म्हणाला. "नव्या गाडीत मिरची नाही भरता येत, पहिलेच सांगून ठेवतो. अन् दुसरी गाडी ठेवाले खाली जागा कुठं हाये?"

बटई म्हणजे वावर दुसऱ्याने कसायचं आणि पीक अर्धं अर्धं. ऐकायला सोयीचं वाटतं. पण माझ्या लेखी ज्याचं वावर बटईनं गेलं तो शेतकरी उरत नाही, तो घरबसल्या वाटा खाणारा होतो. मला ते व्हायचं नव्हतं. पन्नाशीत मला एकच गोष्ट स्वतःची म्हणून मिळाली होती आणि ती एका गाडीच्या सीटा स्वच्छ राहाव्यात म्हणून सोडायला मी तयार नव्हते. तेव्हा गाडी कोणती येते यावर माझं वावर राहतं की जातं हे ठरणार होतं. नवऱ्याला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच तो मुद्दा असा हसत हसत बोलायचा.

मी पिकअप म्हणाले. पुढे चार दारं, पाच माणसांची जागा, आणि मागे उघडा डाला. माणसं पुढे, मिरची मागे. शोरूममध्ये ती एका कोपऱ्यात उभी होती. सेल्समन पंचविशीचा, केसांना काहीतरी चोपडलेला. मी प्रश्न विचारायचे आणि तो उत्तर नवऱ्याला द्यायचा.

"डाल्यात किती पोती बसतील?" मी विचारलं.

"सर, ही लाइफस्टाइल गाडी आहे," तो नवऱ्याला म्हणाला. "लोक यात सायकली घेऊन जातात. कॅम्पिंगला."

"मला मिरची न्यायची आहे."

तो नवऱ्याकडे बघून हसला. त्यावर नवराही हसला. दोन पुरुष हसले की प्रश्न मिटला असं त्यांना वाटतं. मग त्याने आम्हाला उंच बंद गाडीपाशी नेलं, काचेचं छप्पर सरकवून दाखवलं आणि आत सात रंगांचे दिवे लावून दाखवले. उन्हाळ्यात सत्तेचाळीस डिग्रीला नागपूरच्या माणसाने काचेच्या छपराखाली बसायचं. असल्या माणसाला अक्कल विकत घ्यायला शोरूम नाही, नाहीतर मी तिथेच पाठवला असता.

शेवटी दिरानेच माझं काम केलं, अर्थात त्याला ते माहीत नव्हतं. एका रविवारी तो म्हणाला, "वहिनी, तुमचं म्हणणं फालतू हाये. माझ्या गाडीच्या मागच्या सीटा आडव्या होते. चला, आज तुमची मिरची मी आणून दाखवतो."

आम्ही तिघं गेलो. त्याने सीटा आडव्या केल्या, माझ्यापुरती एक उभी ठेवली, आणि दोघा भावांनी स्वतःच्या हातांनी सहा पोती आत रचली. काचा बंद, एसी चालू. दीर म्हणाला, "पाहा, कशी आरामात बसली!"  मी पाण्याच्या बाटलीतून रुमाल ओला केला, नाकावरून बांधला आणि खिडकीबाहेर बघत बसले. नऊ वर्षांची सवय.

भिवापूर सुटून पाच किलोमीटरही झाले नसतील. आधी दिराने घसा खाकरला. मग नवऱ्याने. मग एसीने तीच हवा फिरवून फिरवून त्यांना परत दिली आणि दोघांना असा ठसका लागला की बोलता येईना. दिराने घाईघाईत चारी काचा उघडल्या, त्यामुळे पोत्यांवरची भुकटी उडून सगळी पुढे आली. मग त्याने जे केलं ते फक्त शहरातला माणूस करतो. त्याने डोळे चोळले. मिरचीची पोती उचललेल्या हातांनी.

गाडी रस्त्याच्या कडेला, एका चहाच्या टपरीसमोर थांबली. दोन्ही भाऊ खाली उतरून नाचत होते. टपरीवाल्याने एकदा गाडीच्या मागे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि न विचारता दुधाचं पातेलं पुढे केलं. "भाऊ, मिरची अन् तेबी बंद गाडीत? काहून गा?" तो म्हणाला. दिराचं तोंड तेव्हा दुधात होतं.

राहिलेला रस्ता गाडी मी चालवली. एक भाऊ शेजारी, एक मागे पोत्यांना टेकून, दोघांच्या डोळ्यांवर ओली फडकी. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. दिराच्या गाडीतला वास पुढे कित्येक महिने गेला नाही. त्याची सासू आत बसली की शिंकते असं जाऊ सांगायची, आणि ते सांगताना माझ्याकडे अशी बघायची जणू मीच तिच्या आईच्या नाकात फुंकर मारली.

महिनाभरात पिकअप आली. नवऱ्याने बटईचा विषय बंद केला, पण मनातून नाही. "पाहू, किती दिवस चालते तुझं" एवढं म्हणाला. सोसायटीच्या सेक्रेटरीने पहिल्याच दिवशी फाटकावरची पाटी दाखवली: मालवाहू वाहनांना आत मनाई. मी कागद दाखवले, गाडी खासगी म्हणून नोंदलेली होती. तो डाल्याकडे बघत म्हणाला, "पण दिसाले तर मालगाडीच दिसते ना, ताई."

"दिसायला तर तुम्हीही शहाणे दिसता, भाऊ," मी म्हटलं.

गाडीची बातमी सगळीकडे झाली. माझ्यामागे 'वहिनी आता ट्रक चालवते' म्हणणारे नातेवाईक आठवड्याभरात फोन करू लागले. कुणाचा फ्रिज न्यायचा होता, कुणाची आलमारी. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात. मला त्यांची आलमारीही दिसली. मी एकालाही हो म्हटलं नाही. मी आरशासमोर उभी असते तर तेव्हा माझा चेहरा दिराच्या चेहऱ्यासारखा दिसला असता, पण आरशासमोर उभं राहायला मला वेळ नव्हता. मी सिग्नलला उंचावरून खाली छोट्या गाड्यांकडे बघत होते. सीटांवरचं कंपनीचं प्लास्टिक मी काढलं नव्हतं. सीटा चांगल्या राहतात.

आता तोडणीचं सांगायला हवं. पिकलेली मिरची माणसांनी हाताने तोडावी लागते, हंगामात तीन-चार वेळा, म्हणजे तीन-चार तोडे, आणि वेळेवर. हे काम बायकाच करतात आणि बायका मिळत नाहीत. जवळच्या गावातून त्यांना सकाळी गाडीने आणायचं आणि संध्याकाळी पोचवायचं, ही आमच्याकडची रीत. कुणाच्या वावरात जायचं ते त्या ठरवतात. खरं तर एक मावशी ठरवते. साठीची असेल, अंगाने काटक, तिला धरून सहा बायांची टोळी. ती ज्याच्या गाडीत पाय ठेवेल त्याची मिरची घरी येते.

इतकी वर्षं माझ्या आणि शेजारच्या वावरवाल्याच्या तोडणीला बायका त्याच्याच तीनचाकी मालऑटोतून यायच्या. ऑटो कसली, तारेने बांधलेलं भंगार. समोर त्याची एक सीट, मागे पत्र्याचा डाला. चढावर तो उतरून तिला धक्का देत असे आणि देताना तिच्याशी बोलत असे. मला त्या माणसाचं हसू यायचं. मी त्याला एकदा म्हटलंही होतं, आता तरी बरी गाडी घ्या. तो म्हणाला, "चालते ना, ताई. हिचं अन् माझं जमते."

जानेवारीत दुसऱ्या तोड्याच्या दिवशी त्याची ऑटो सुरूच झाली नाही. त्याने मला फोन केला, बायांना तुम्ही घेऊन या. मी पहाटेच नागपूरहून निघाले होते. गावात पोचले तर बाया मारुतीच्या पाराजवळ उभ्या, डोक्यावर पदर, हातात डबे. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मावशी पुढे आली आणि तिने मागच्या सीटच्या दाराच्या कडीला हात लावला.

मी काच खाली केली आणि म्हटलं, "मागं डाल्यात बसा ना, मावशी. मोकळं होईन तुमाले."

मी त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलते. माझं मलाच त्याचं कौतुक आहे.

तिने कडीवरचा हात काढला.  एकमेकींना हात देत, ढकलत, सहाही जणी डाल्यात चढल्या. तो डाला चांगलाच उंच आहे. मी काच वर केली. आत हीटर चालू होता. तीन-चार किलोमीटरचा रस्ता, त्यात अर्धा उघड्या माळाचा. आरशात मला त्या दिसत होत्या, केबिनच्या पाठीला चिकटून, एका पोरीने दुसरीच्या पदरात तोंड खुपसलेलं. मला वाटलं, गाडी कशी कामाला आली. वावरापाशी थांबून मी त्यांचा फोटो काढला आणि नवऱ्याला आणि दिराला पाठवला. खाली लिहिलं: तुमच्या गाडीत बसल्या असत्या का? नवऱ्याने अंगठा पाठवला.

तोडा नीट झाला. मजुरी मी तिथल्या तिथे दिली, वर चहा दिला. संध्याकाळी पोचवायला निघाले तर मावशी म्हणाली, आम्ही पायी जातो, जवळ आहे. जवळ नव्हतं. मी म्हटलं, तुमची मर्जी.

तिसऱ्या तोड्याला त्या आल्या नाहीत. मी फोन केला तर मावशी म्हणाली, "यंदा काम लय हाये बाई, पाहतो." पुन्हा केला, पुन्हा तेच. मजुरी वाढवून देते म्हटलं. "मजुरीचं काही नाही, बाई," ती म्हणाली आणि कुणीतरी हाक मारली म्हणून तिने फोन ठेवला. मी घरी नवऱ्यासमोर तोंड वाजवलं: माजल्या आहेत सगळ्या, हातात चार पैसे आले की माणूस जमिनीवर चालत नाही. हे मी म्हणत होते. मी दुसऱ्या गावात फिरले, सगळ्या बाया कुठे ना कुठे कबूल झालेल्या. झाडांवरची मिरची पिकून सुरकुतली, मग गळायला लागली. जमिनीवर पडलेल्या मिरचीला पांढरे डाग पडतात, ती कुणी घेत नाही. शेजारच्या वावरात मात्र त्याच सहा बाया ओळीने तोडत होत्या. मध्ये फक्त बांध होता.

शेवटी मी एका सकाळी उजाडायच्या आत गावात गेले. त्या पाराजवळ उभ्याच होत्या. मी खाली उतरले आणि मावशीला सरळ विचारलं, माझ्या वावरात काहून येत नाही?

 ती न रागावता म्हणाली, "मागं बसाचं काही नाही, बाई. आमी जलमभर मागंच बसलो. पन समोर पाच जनाची जागा, अन् तुमी एकल्या. हे पोरगी रस्ताभर कान धरून रडून राह्यली होती. तुमाले आरशात दिसलंच असन."

दिसलं होतं. थंडीने रडते आहे हेही कळलं होतं. ते मी त्या क्षणापर्यंत स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मिरचीने माखलेल्या लुगड्यांनी माझ्या सीटांवरचं प्लास्टिक लाल होईल, एवढाच विचार मी त्या पहाटे केला होता. आणि ज्यांना मिरचीचा वास गाडीत नको असतो त्यांना मी वर्षभर मूर्ख म्हणत फिरत होते.

मी चारी दारं उघडली. म्हटलं, "आज समोर बसा. सगळ्या बसा, दाटीवाटीनं."

"आज ऑटोवाल्याले हो म्हटलं ना, बाई," मावशी म्हणाली. तेवढ्यात ती ऑटो फटफटत आली. शेजारच्या वावरवाल्याने मला रामराम केला आणि आपल्या सीटवर एका बाजूला सरकला. त्याने अर्धी जागा रिकामी केली, आणि मावशी त्या अर्ध्या जागेवर त्याच्या शेजारी बसली. बाकीच्या मागे चढल्या. त्यांच्यासाठी मागे त्याने गोधडी अंथरली होती. ती त्याची रोजची पद्धत असावी, कारण कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही.

मी घरी आले आणि रात्रीच्या जेवणाला बटईचा विषय मीच काढला.  नवऱ्याने एकही टोमणा मारला नाही, उलट वाढून घे म्हणाला, आणि ते मला जास्त लागलं.

या वर्षी माझं वावर शेजारचा वावरवालाच कसतो, बटईनं. मिरची चांगली आली आहे, माझ्या हातात होती त्यापेक्षा बरी. अर्धा वाटा आणायला मी शनिवारी जाते. बायका ओळीने तोडत असतात, बोलत असतात, मला पाहून मान हलवतात आणि पुन्हा कामाला लागतात. पोती भरून होईपर्यंत तास-दोन तास जातात. गाडीत बसून वाट पाहिली तर कुणी काही म्हणणार नाही. पण मला आत बसवत नाही, मी उन्हात बांधावर उभी राहते.